पाडीच्या गावात ब्रेक पॅड घेताना

चेन्नईच्या पश्चिम अंगाला पाडी आहे. तिथल्या बसथांब्याला लोक ‘लुकास टीव्हीएस’ असं कारखान्याच्याच नावानं ओळखतात. याच पाडीत १९६२ साली स्थापन झालेली ब्रेक्स इंडिया आहे. १९६४ची राणे ब्रेक लायनिंग शेजारच्या अंबत्तूरची, आणि १९७४ची सुंदरम ब्रेक लायनिंग्ज पुन्हा पाडीचीच. आपल्याकडेही घाटकोपरची हिंदुस्थान फेरोडो होती, जळगावची कल्याणी ब्रेक्स होती. पण एका गावात, काही मैलांच्या आत, ब्रेकची एवढी कारखानदारी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

एवढे कारखाने उशाशी असताना इथल्या माणसाला पॅड निवडणं सोपं जायला हवं. जात नाही. काउंटरवरचा माणूस एकच विचारतो, “ओरिजिनला, लोकला, सार?” आणि गिऱ्हाईक खिशाकडे पाहून उत्तर देतं. मला विचाराल तर पॅड कोणत्या रस्त्यावर घासले जाणार आणि ज्या कॅलिपरमध्ये बसणार त्याची अवस्था काय, हे आधी ठरवायचं. कंपनीचं नाव त्यानंतर. इथे बरीच वर्षं गाडी हाकून आणि गॅरेजवाल्यांच्या शेजारी उकिडवं बसून जे कळलं ते असं.

१. नवे आणायला निघण्याआधी जुने हातात घ्या.

“पॅड गेले” एवढ्यावर समाधान मानू नका. चाकं काढायला लावा आणि चारही पॅड फरशीवर ओळीनं मांडायला सांगा : डाव्या चाकाचा आतला, डाव्याचा बाहेरचा, मग उजव्याचे दोन. नव्या पॅडवर घासणारा थर साधारण दहा-बारा मिलिमीटरचा असतो. तो तीनवर आला की पॅड बदलायचे. पण मला त्या आकड्याहून चौघांमधला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो.

चारही सारखे झिजले असतील तर खुशाल नवे टाका. एकाच चाकाचा आतला पॅड पत्र्याला टेकलाय आणि बाहेरचा अजून निम्मा शिल्लक आहे, असं दिसलं तर दोष पॅडचा नाही. कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढेमागे सरकतो त्या पिना जाम झाल्यात, किंवा पिस्टन दाबून परत मागे येत नाही. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ, म्हणजे पाचरीसारखा झिजला असेल, तरी संशय कॅलिपरवरच. अशा कॅलिपरमध्ये जगातला सर्वांत महाग पॅड बसवला तरी तो त्याच वाटेनं जाईल. डाव्या आणि उजव्या चाकांत फरक असेल तर रबरी होजसुद्धा तपासून घ्या. आतून फुगलेली होज दाब सोडायला तयार नसते.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक पाहायचं. बेझंट नगर, तिरुवान्मियूर या भागांतली खारी हवा पॅडच्या मागच्या पोलादी पत्र्याला गंज चढवते. गंज थराच्या खाली शिरतो आणि थर पत्र्यापासून उचलायला लागतो. कडेला केसासारखी चीर दिसली की त्या पॅडवर अजून सहा मिलिमीटर शिल्लक असले तरी तो बाद. हे पुण्याच्या गॅरेजमध्ये कुणी मला दाखवलं नव्हतं. तिथल्या हवेला ते करायची गरजच पडत नाही म्हणा.

२. गाव सपाट आहे, हे विसरू नका.

ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र. चालकासह बाराशे किलोची गाडी ताशी ऐंशीवरून उभी केली, तर सुमारे तीनशे किलोज्यूल उष्णता तयार होते. चेन्नईच्या नळाचं लिटरभर पाणी उकळीला यायला साधारण तेवढीच लागते. वेग निम्मा केला तर उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. इथल्या ओएमआर रस्त्यावर सकाळी नऊ वाजता गाडी चाळीसच्या वर जातेच कुठे? म्हणजे शहरात पॅड पुष्कळ वेळा दाबले जातात, पण दर वेळी थोडेच तापतात. इथे हवा आहे तो थंड असताना लगेच पकडणारा, आवाज न करणारा, डिस्क न खाणारा पॅड. कंपनीनं कारखान्यातून दिलेला पॅड बहुधा याच हिशेबानं केलेला असतो.

आता येरकाडचा हिशेब करा. सेलमपासून तिथपर्यंतचा चढ सुमारे बाराशे मीटरचा आणि वाटेत वीस हेअरपिन वळणं. तीच गाडी वरून खाली आणताना, सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर ऐंशीवरून जवळपास पन्नास वेळा थांबण्याइतकी उष्णता त्या डिस्कांना पचवावी लागते, आणि तीही निवायला उसंत न देता. साध्या पॅडमधली राळ इथे जळू लागते, पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये वायू अडकतो, आणि पाय नेहमीएवढाच दाबूनही गाडी पुढे सरकत राहते.

यावर पुष्कळ जण ‘चांगले पॅड टाकून घेऊ’ असा उपाय काढतात. वर्षातून एकदा येरकाड किंवा सत्तर वळणांचं कोल्ली हिल्स करणाऱ्यासाठी तो चुकीचा आहे. एसटीच्या जुन्या चालकांचा नियमच बरा : ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. उटीहून मसिनगुडीकडे जाणाऱ्या कल्हट्टी घाटात छत्तीस वळणं आहेत आणि ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी तो बदनाम आहे. तिथे कुठल्याही खोक्यातला पॅड दुसऱ्या गिअरची जागा घेऊ शकत नाही. नेहमी घाटातच राहणाऱ्यानं, किंवा सात माणसं आणि छपरावर सामान घेऊन हिंडणाऱ्यानं जास्त उष्णता सोसणारे पॅड जरूर घ्यावेत.

उलटं उदाहरण माझ्या एका स्नेह्यांचं. मूळचे विट्याकडचे, इथल्या साहुकारपेटेत सोनं गाळायचा पिढीजात व्यवसाय. गाडी गल्लीत उभी असते. ती बाहेर निघते ती गावाकडच्या जत्रेला किंवा लग्नाला. वेल्लोर, बेंगळुरू, हुबळी, बेळगाव असा सगळा हमरस्ता. एकदा मला म्हणाले, “पाव्हणं, तुमचं पॅड एवढं का खातंय? आमचं तर किलोमीटर तुमच्यापेक्षा जास्त हाय.” त्यांचे किलोमीटर जास्त असतात हे खरं, पण त्यांतला बराचसा रस्ता ब्रेकला पाय न लावता जातो. म्हणून ‘पॅड किती किलोमीटर चालतात’ या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. उष्णतेबद्दल मात्र त्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. भट्टीसमोर आयुष्य गेलंय.

३. ‘सिरॅमिक’ हा शब्द खोक्यावर स्वस्तात छापता येतो.

१८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला मोटारीनं निघाली. वाटेत लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिनं एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात ती, असं म्हणतात. चामड्यानंतर कापूस आला, मग कित्येक दशकं अॅस्बेस्टॉस होतं. आज दुकानात मुख्यतः तीन जाती मिळतात. ऑरगॅनिक पॅड मऊ, शांत आणि स्वस्त, पण फार ताप सोसत नाहीत. सेमी-मेटॅलिकमध्ये पोलादाचे धागे आणि भुकटी भरपूर. ते ताप सोसतात, पण कुरकुरतात आणि डिस्क लवकर झिजवतात. सिरॅमिक पॅड शांत असतात, चाकावर काळी भुकटी कमी टाकतात आणि टिकतातही. पण सिरॅमिक टाकले म्हणून गाडी लवकर थांबते असा काही नियम नाही. अलॉयची चाकं आठवड्याला पुसणाऱ्यांनी त्यावर पैसे घालावेत. मला पुसायचा कंटाळा आहे, त्यामुळे प्रश्न मिटला.

काही खोक्यांवर पानाचं चित्र असतं, एक, दोन किंवा तीन पानांचं. ते अमेरिकेतल्या तांब्याविषयीच्या नियमांचं आहे. ब्रेकची भुकटी पावसाबरोबर ओढ्यानाल्यांत जाते आणि तिच्यातलं तांबं माशांना बाधतं, म्हणून वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांनी २०१० साली कायदे केले. तीन पानं म्हणजे तांबं अर्ध्या टक्क्याहून कमी. चांगलीच गोष्ट आहे, पण तिचा तुमच्या थांबण्याशी संबंध नाही. दुकानदार मात्र ती पानं दाखवून दर वाढवतो.

४. खोकं नको, कड वाचा.

पॅडच्या कडेला किंवा मागच्या पत्र्यावर अक्षरं छापलेली असतात. त्यांच्या शेवटी बहुधा दोन रोमन अक्षरांची जोडी येते : ‘ईएफ’, ‘एफएफ’, ‘जीएफ’ अशी. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेतलं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिल्यापेक्षा दुसरं अक्षर खालचं असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो, एवढा अर्थ नक्की घ्या. त्याहून जास्त घेऊ नका. ही चाचणी इंचभर तुकड्यावर यंत्रात होते, तुमच्या गाडीत नव्हे. ‘जीजी’ पाहून हुरळून जाणाऱ्यांना मी सांगतो, मूळच्या पॅडवर ‘एफएफ’ असेल तर ‘एफएफ’च घ्या. पुढच्या चाकांची पकड एकदम वाढली की मागच्या ड्रमशी तिचं गणित बदलतं.

दुसरी खूण वर्तुळातल्या ‘ई’ची, आणि तिच्याजवळ ‘९०आर’नं सुरू होणारा क्रमांक. युरोपातल्या नियमानुसार बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या पंधरा टक्के अलीकडे-पलीकडे असावी लागते. ती खूण त्याची. निर्यात करणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या पॅडवर ती पुष्कळदा सापडते. मला त्या खुणेवर खोक्यावरच्या कुठल्याही विशेषणापेक्षा जास्त भरवसा आहे.

५. गाडी बनवणारा निघून गेला तरी पॅड बनवणारा जागेवर असतो.

माझी गाडी फोर्डची इकोस्पोर्ट. चेन्नईच्या दक्षिणेला मरैमलै नगरच्या कारखान्यात बनलेली. तिथलं उत्पादन २०२२च्या जुलैत थांबलं, तेव्हा सोसायटीतल्या अनेकांनी मला घरातला कुणी गेल्यासारखं भेटून धीर दिला. सुटे भाग मिळत राहतील असं कंपनीनं सांगितलं होतं आणि ते मिळतातही. पण त्या निमित्तानं एक गोष्ट नीट डोक्यात बसली. मोटारकंपन्या बहुतेक वेळा पॅड स्वतः बनवत नाहीत. ब्रेकवाल्यांकडून घेऊन आपल्या खोक्यात घालतात. तेच ब्रेकवाले स्वतःच्या नावानंही बाजारात माल विकतात, आणि तो स्वस्त पडतो. मिश्रण शंभर टक्के तेच असेल असं नाही, पण कारखाना आणि तिथली शिस्त तीच असते. तेव्हा मोटारकंपनीचं खोकं किंवा नावाजलेल्या ब्रेक कारखान्याचं खोकं, या दोहोंत मी फार डोकं चालवत नाही. तिसरं, नाव-गाव नसलेलं खोकं मात्र घेत नाही.

चेन्नईत हा माल जनरल पॅटर्स रोडवर मिळतो. सगळे ‘जीपी रोड’ म्हणतात. जाताना जुना पॅड पिशवीत घ्या आणि गाडीचा चासिस नंबर मोबाइलमध्ये ठेवा. एकाच मॉडेलला दोन वर्षांत दोन वेगळे कॅलिपर आलेले असतात. नुसतं गाडीचं नाव सांगाल तर घरी येऊन कळेल की पॅडचे कान दोन मिलिमीटर जास्त रुंद आहेत. मग मेकॅनिक ग्राइंडर काढतो. ग्राइंडर निघाला की पॅड परत करायला उठा.

नकली माल ओळखायला होलोग्रामपेक्षा साध्या गोष्टी उपयोगी पडतात. चारही पॅडांवर बॅच क्रमांक एकच आहे का? रंग पत्र्यावर सारखा बसलाय का? थराच्या कडेला भुरभुर आहे का? आणि दुकानदार जीएसटीचं बिल द्यायला तयार आहे का? २०२५च्या २२ सप्टेंबरपासून मोटारीच्या सुट्या भागांवरचा कर सरसकट १८ टक्के झालाय. आधी बऱ्याच भागांवर २८ होता. त्यामुळे ‘बिलाशिवाय स्वस्त पडेल, सार’ या वाक्यातला दमही थोडा कमी झालाय.

पुदुपेटबद्दल एक शब्द. जुन्या गाड्या सोडवून तिथे जे विकतात ते थक्क करणारं आहे. मी तिथून दाराचा आरसा आणला, मागचा दिवा आणला, आणि दोन्ही उत्तम निघाले. ब्रेकचं काहीही तिथून आणायचं नाही.

६. एका चाकाचे बदलायचे नसतात.

एका आसाचे चारही एकदम. ‘डावा अजून चांगला आहे’ हे वाक्य ऐकायचंच नाही. नाहीतर गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते.

७. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मेकॅनिकला ती वाचायला लावा.

पॅड बदलले की डिस्क लेथवर घासून घ्यायचीच, अशी इथल्या काही गॅरेजांत रीतच आहे. पेडल थरथरत नसेल, खोल चरे नसतील, जाडी मर्यादेच्या वर असेल, तर ती घासून तिचं आयुष्य कमी करायचं कशाला? आणि मर्यादेच्या खाली गेली असेल तर घासायची नाही, बदलायची. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, लवकर तापते.

८. खरे पैसे बसवणाऱ्याच्या हातात असतात.

पॅडमध्ये वाचवलेले पाचशे रुपये मी इथे घालतो. पिना काढून, जुनं ग्रीस पुसून, रबराला न खाणारं, ताप सोसणारं सिलिकॉन ग्रीस लावायचं. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगतात आणि पिना सहा महिन्यांत पुन्हा अडकतात. खोक्यात आलेल्या क्लिपा आणि पॅडमागचे पातळ पत्रे फेकून जुनेच वापरू देऊ नका. कर्कश आवाजाचं मूळ बरेचदा तिथे असतं. भुकटी उडवायला कॉम्प्रेसरचा पाइप हातात घेतला की मी लांब उभा राहतो आणि ओला फडका वापरायला सांगतो. अॅस्बेस्टॉसवर आपल्याकडे सरसकट बंदी नाही, आणि जुन्या पॅडमध्ये काय होतं हे कोण सांगणार? ज्या मुलाच्या नाकासमोर ती भुकटी उडते तो जेमतेम विशीचा असतो. सांगितल्यावर तो हसतो. तरी सांगायचं.

ब्रेक ऑइल हा वेगळा विषय, पण चेन्नईत तो पॅडबरोबरच काढावा लागतो. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि इथे हवेत पाण्याला तोटा नाही. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की मानकात धरलेली मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात ऑइल उकळलं तर नळीत वाफ होते आणि पेडल फरशीला टेकतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, वर ओतून पातळी भरल्याचं समाधान मानू नका. आणि पॅड बसवल्यावर गाडी गॅरेजमधून हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून टणक झालंय हे पाहा. मागे दाबलेले पिस्टन पुढे येईपर्यंत ब्रेक नसतोच.

९. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ब्रेकचा वेगळा हंगाम.

आपला पाऊस संपतो तेव्हा इथला सुरू होतो. २०१५च्या डिसेंबरचा पूर असो की २०२३च्या डिसेंबरातलं मिचाँग वादळ, इथल्या गाड्यांनी चाकं बुडेपर्यंतचं पाणी पाहिलंय. पाण्यातून बाहेर आल्यावर मोकळ्या रस्त्यावर हळू चालवत ब्रेक हलके दाबत राहिलं की डिस्क सुकते. मागचे ड्रम मात्र पाणी आणि गाळ धरून ठेवतात. ते उघडून साफच करावे लागतात. या दिवसांत गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले लायनर ड्रमला चिकटतात. गाव सपाट आहे, पहिल्या गिअरमध्ये ठेवली तरी पुरते.

पावसानंतरच्या सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकांना येणारी खरखर ही डिस्कवरच्या रात्रीच्या गंजाची, तिला घाबरू नका. कायम येणारी बारीक शिट्टी मात्र ऐका. पुष्कळ पॅडना पत्र्याची एक जीभ असते, ती थर संपत आला की डिस्कला लागते आणि ओरडते.

१०. नवे पॅड पहिल्या दिवशी अर्धेच ब्रेक असतात.

नवा पॅड आणि वापरलेली डिस्क यांचे पृष्ठभाग एकमेकांना लगेच जुळत नाहीत; पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसायला वेळ लागतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारायचा नाही. त्यातही सुरुवातीला पंचवीसेक वेळा, पन्नास-साठवरून वीसपर्यंत, मध्यम दाबानं वेग कमी करायचा आणि दोन खेपांमध्ये अर्धा-एक किलोमीटर मोकळं चालवायचं, म्हणजे डिस्क निवते. शहरात याला जागा नाही. मी पहाटे ईसीआर रस्त्यावर जातो, गर्दी सुरू व्हायच्या आत. बेत आखताना एवढंच पाहतो की उत्तंडीचा टोलनाका या खेपांच्या मध्ये येऊ नये. डिस्क तापलेली असताना रांगेत पेडल दाबून उभं राहिलं तर पॅडचा ठसा त्याच जागी उमटतो, आणि पुढचे कित्येक महिने पेडल थरथरतं.